एक कंद एकदाच फुलतो : परसातील निशिगंधाची जोपासना

न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली निशिगंधाची दोन-चार ठोंबे आपल्याकडे बऱ्याच घरांच्या परसात दिसतात. कोणी त्याला गुलछडी म्हणते, कोणी रजनीगंधा. नाव कोणतेही असो, तक्रार मात्र बहुतेक घरी एकच ऐकू येते. "पहिली दोन वर्षे काय फुलला! आता नुसती पात माजते, दांडा म्हणून येत नाही." मग कोणी म्हणते दृष्ट लागली, कोणी म्हणते जमीन बाधली. कोणी आणखी दोन पाट्या शेणखत ओतते, तर कोणी वैतागून सगळे ठोंब उपटून उकिरड्यावर टाकते.

यात दृष्टीचा संबंध नाही आणि बहुतेक वेळा जमिनीचाही दोष नसतो. निशिगंधाचा एक कंद जन्मात एकदाच फुलतो, एवढी एक गोष्ट ध्यानात न घेतल्यामुळे हे होते. ती ध्यानात घेतली, तर आज उकिरड्यावर जाणारे ठोंब पुढच्या गणपतीला घरभर फुले देईल, आणि रस्त्याकाठच्या गावात घरधनिणीच्या हाती सणासुदीला चार पैसेही येतील.

केळीचा खुंट आणि निशिगंधाचा कंद

केळीचे उदाहरण आपल्या रोजच्या पाहण्यातले आहे. एका खुंटाला एकदाच घड येतो. घड उतरला की खुंट संपला. पुढचे पीक येते ते बुडाशी आलेल्या पिलांमधून. बांधावरचा घायपातही तसाच. वर्षानुवर्षे गप्प उभा असतो, मग एकदाच उंच खांबासारखा दांडा टाकतो आणि वाळून जातो. मागे त्याची पिले राहतात.

निशिगंध या घायपाताचाच भाऊबंद आहे. तो मूळचा मेक्सिको देशातला. तेथील जुन्या अझ्टेक लोकांच्या भाषेत त्याच्या नावाचा अर्थ 'हाडाचे फूल' असा होता, तो त्याच्या पांढऱ्याफेक रंगावरून. पूर्वी वनस्पतिशास्त्राचे जाणकार त्याला वेगळ्या गटात ठेवीत. आता ते त्याला घायपाताच्याच गटात धरतात. स्वभावही तोच. कंद पुरेसा पोसला की त्यातून एक दांडा निघतो, त्यावर तीस-पन्नास कळ्या खालून वर उमलत जातात आणि दांडा संपला की त्या कंदाचे काम संपते. तोवर त्याच्या अंगाला लहान लहान कंद सुटलेले असतात. पुढच्या वर्षीचे फूल त्यांच्या पोटात असते.

आता ठोंब आहे तसाच तीन-चार वर्षे जमिनीत राहिला तर काय होईल? एका कंदाच्या जागी मूठभर कंद होतात, त्यांना आणखी पिले फुटतात. सगळ्यांना मिळून जागा तेवढीच आणि अन्न तेवढेच. कोणताच कंद पोसत नाही. सगळे मिळून पात काढतात, पण दांडा टाकण्याइतकी ताकद एकाच्याही अंगात उरत नाही. भाकरी एक आणि खाणारी तोंडे वीस, अशी गत होते. म्हणून निशिगंधाचे खरे कसब कंद वेळेवर काढणे, त्याला विसावा देणे आणि निवडून पुन्हा लावणे यात आहे. खतपाणी त्यानंतरचे.

कंद केव्हा व कसे काढावेत

लावलेला निशिगंध साधारण तीन वर्षे एका जागी ठेवता येतो. दुसऱ्या वर्षी फुले सर्वांत जास्त मिळतात, तिसऱ्या वर्षी ती घटू लागतात. तेव्हा तिसरा बहर संपला की कंद काढावेत. परसात चार-दोन ठोंबेच असतील, तर दोन वर्षांनी काढले तरी चालते.

थंडीत फुले कमी होतात आणि पात पिवळी पडू लागते. साधारण फेब्रुवारीत पाणी तोडावे. जमीन वाळू द्यावी. मार्चमध्ये पात सुकली की ती जमिनीलगत कापावी आणि कुदळीने बाजूने खणून सबंध जुडगा वर उचलावा. ओढून काढू नये, कंद तुटतात. माती झटकावी, धुऊ नये. मग जुडगा हाताने हलकेच सोडवावा.

आता निवड करावी. ज्या कंदाच्या मध्यभागी वाळलेल्या दांड्याचा खुंट दिसतो, तो फुलून गेलेला कंद. तो बाजूला काढावा. ज्याचा शेंडा टोकदार व अंग टणक आहे, ज्याची जाडी जवळजवळ एक इंच आहे आणि जो वजनाला पंचवीस-तीस ग्रॅम भरतो, तो या वर्षीचा फुलणारा कंद. अर्ध्या इंचाएवढे बारीक कंद या वर्षी फुलणार नाहीत, पण ते टाकू नयेत. त्यांची एका कोपऱ्यात दाटीने वेगळी ओळ लावावी. वर्षभरात ते पोसतात आणि पुढच्या वर्षी मुख्य वाफ्यात जातात. मऊ पडलेले, काळे डाग असलेले किंवा कुबट वास येणारे कंद मात्र गावाबाहेर नेऊन जाळावेत. उकिरड्यावर टाकले तर तेच खत पुन्हा शेतात येते आणि रोगही बरोबर येतो.

कंदाचा विसावा

काढलेला कंद लगेच लावण्याची घाई करू नये. चार ते सहा आठवडे त्याला विसावा लागतो. ओसरीत किंवा गोठ्याच्या माळ्यावर, जेथे सावली आणि वारा दोन्ही आहे, तेथे कंद एका थरात पसरावेत. ढीग करू नये, पोत्यात बांधू नये. आठवड्यातून एकदा खालीवर करावेत व नासलेला कंद दिसला की उचलून टाकावा. कांद्याच्या चाळीत आपण जी काळजी घेतो तीच येथे घ्यायची. फक्त हे कंद खाण्याच्या कांद्या-लसणापासून दूर ठेवावेत. लहान मुले आणि घाईत असलेली माणसे फसतात, आणि हा कंद खाण्याचा नव्हे.

या महिना-दीड महिन्यात वरून काहीच घडताना दिसत नाही, म्हणून पुष्कळ जण हा काळ फुकट गेला असे समजतात. पण विसावा न मिळालेला कंद रुजतो उशिरा आणि फुलतोही मागेपुढे. विसावा घेतलेले कंद एकदम उठतात, आणि बहर एका वेळी आला तरच हार-वेणीसाठी पुरतील इतकी फुले एका सकाळी हाती लागतात.

जाती कोणत्या?

निशिगंधाचे मुख्य प्रकार दोन. सिंगल निशिगंधाच्या फुलाला पाकळ्यांची एकच ओळ असते आणि कळी हिरवट पांढरी असते. सुवास भरपूर, म्हणून हार, गजरे, वेण्या यांसाठी सुटी फुले विकायला हाच प्रकार चांगला. डबल निशिगंधाला पाकळ्यांच्या अनेक ओळी असतात आणि कळीवर गुलाबी छटा असते. त्याचा वास कमी, पण दांडा भरदार दिसतो. फुलदाणी, गुच्छ आणि मांडवाच्या सजावटीसाठी त्याला मागणी असते.

बंगळूरजवळ हेसरघट्टा येथील भारतीय उद्यान संशोधन संस्थेने सिंगल प्रकारात 'शृंगार' आणि 'प्रज्वल', तर अनेक पाकळ्यांच्या प्रकारात 'सुवासिनी' आणि 'वैभव' या जाती काढल्या आहेत. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीला 'शृंगार' बऱ्यापैकी दाद देत नाही. आपल्याकडे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 'फुले रजनी' ही सिंगल जात दिली आहे. नुसती दाराची शोभा हवी असेल, तर लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेच्या 'रजत रेखा' व 'स्वर्ण रेखा' या जाती पाहाव्यात. पहिलीच्या पातीवर रुपेरी पट्टा असतो, दुसरीच्या पातीला सोनेरी कड. फुले नसली तरी वाफा देखणा दिसतो.

माहेराहून किंवा शेजारणीकडून आलेले कंद आपण कौतुकाने लावतो. जरूर लावावेत. पण लावण्यापूर्वी त्यांची मुळे निरखून पाहावीत. मुळांवर गाठी असतील, तर असा कंद प्रेमाने दिलेला असला तरी लावू नये. एकदा सूत्रकृमी जमिनीत शिरली की तेथील वांगी, टोमॅटो आणि भेंडीलाही ती सोडत नाही.

दहा फूट लांब, चार फूट रुंद

घरच्यापुरता निशिगंध करायचा, तर दहा फूट लांब व चार फूट रुंद असा एक वाफा पुरे. जागा अशी निवडावी, की जेथे दिवसाचे सहा तास तरी ऊन पडते आणि पावसाचे पाणी साचत नाही. आंब्याच्या किंवा चिंचेच्या सावलीत निशिगंधाची पात उंच होते, फूल येत नाही. मध्यम काळी, पोयट्याची, निचऱ्याची जमीन त्याला मानवते. भारी काळ्या जमिनीत आणि कोकणात पावसाचे मान जास्त असेल तेथे वीतभर उंचीचा गादीवाफाच करावा.

लावणीची वेळ एप्रिल-मे. वाफा वीतभर खोल खणून आठ दिवस उन्हात तापू द्यावा. मग चांगले कुजलेले शेणखत दोन-तीन घमेली मिसळावे. त्यात ट्रायकोडर्मा ही जैविक बुरशीनाशक पूड मिसळली तर कंदकूज आटोक्यात राहते. ओळी एक-एक फुटावर आखाव्यात आणि ओळीत आठ-आठ इंचांवर कंद लावावा. म्हणजे चार ओळींत पंधरा-पंधरा असे साठ कंद बसतील. साठ कंदांचे वजन सुमारे दीड किलो भरते. कंद शेंडा वर करून, तीन बोटे खोल लावावा. फार खोल गेला तर उगवायला वेळ लागतो.

रासायनिक खत द्यायचे असल्यास या वाफ्याला सिंगल सुपर फॉस्फेट ३४० ग्रॅम व म्युरेट ऑफ पोटॅश १२० ग्रॅम लावणीच्या वेळीच मातीत मिसळावे. युरिया एकूण १५० ग्रॅम लागतो. तो एकदम देऊ नये. पन्नास ग्रॅम लावणीच्या वेळी, पन्नास महिन्याने आणि पन्नास दोन महिन्यांनी द्यावा. युरियाचा हात सैल सोडला तर पात लुसलुशीत होते, किडी येतात आणि दांडा लवतो. हे प्रमाण हेक्टरी २०० किलो नत्र, १५० किलो स्फुरद व २०० किलो पालाश या हिशेबाने काढले आहे. वाफा लहान-मोठा असेल तर त्या मानाने खत कमी-जास्त करावे.

पाणी लावल्याबरोबर एकदा भरपूर द्यावे. मग कोंब वर येईपर्यंत जपून द्यावे, कारण झोपलेला कंद ओलीत कुजतो. उगवण झाल्यावर उन्हाळ्यात पाच-सहा दिवसांनी आणि हिवाळ्यात आठ-दहा दिवसांनी पाणी पुरते. न्हाणीचे पाणी चालते, पण धुण्याच्या सोड्याचे व साबणाच्या फेसाचे पाणी थेट वाफ्यात सोडू नये. मध्ये एक केळ किंवा अळू लावून त्यातून पाणी पुढे घ्यावे.

रोग ओळखा

पावसाळ्यात पातीच्या बुडाशी पांढरे कापसासारखे धागे आणि त्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले, तर ती बुंधेकूज समजावी. असे झाड मातीसकट उचलून नष्ट करावे आणि वाफ्याचा निचरा सुधारावा. कळीत अळी शिरून छिद्र पाडते. सकाळी फुले तोडतानाच अशा कळ्या वेचून नष्ट केल्या तर घरच्या वाफ्याला औषधाची गरज सहसा पडत नाही. पात चांदीसारखी चट्टेदार झाली तर फुलकिडे असावेत. पाच टक्के निंबोळी अर्क आठ-दहा दिवसांच्या अंतराने फवारावा. त्याने भागले नाही, तर दुकानदाराच्या सांगण्यावर न जाता कृषी खात्याच्या माणसाला झाड दाखवून मगच औषध आणावे.

भातकरी भागातील वाचकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. भाताच्या पातीचे शेंडे पांढरे पाडणारी जी सूत्रकृमी आहे, तीच निशिगंधाच्या दांड्यावरही जगते. तिने धरलेला दांडा खरबरीत होतो, कळ्यांवर तपकिरी डाग पडतात आणि त्या न उमलताच वाळतात. पश्चिम बंगालमध्ये भात आणि निशिगंध शेजारी-शेजारी होतात, तेथे तिचा मोठा त्रास आहे. तेव्हा भाताच्या खाचराला लागून निशिगंध लावू नये, आणि तीन वर्षांनी कंद काढले की ते त्याच जागी पुन्हा लावू नयेत. मोकळ्या झालेल्या जागी एक हंगाम झेंडू करावा. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीला झेंडू मागे हटवतो, आणि दसऱ्याला फुलेही देतो.

फुले तोडताना

लावणीपासून तीन-साडेतीन महिन्यांनी पहिले दांडे येतात. म्हणजे एप्रिल-मेमध्ये लावलेला वाफा श्रावण-भाद्रपदात फुलावर येतो. निशिगंध संध्याकाळनंतर उमलतो. रात्री फिरणाऱ्या पतंगांना बोलावण्यासाठी त्याचा वास रात्रीच जास्त सुटतो. म्हणून सुटी फुले पहाटे, ऊन चढण्यापूर्वी तोडावीत. उमललेली आणि उमलण्याच्या बेतातली, दोन्ही घ्यावीत. ती बांबूच्या करंडीत, ओलसर फडके घालून ठेवावीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधली तर घाम सुटून काळी पडतात. दांडे विकायचे असतील तर तळची एक-दोन फुले उमलताच बुडापासून कापून लगेच पाण्यात उभे करावेत.

विकायचे ठरवले तर

परसातून पुढे जाऊन विक्रीसाठी निशिगंध करायचा असेल तर एकदम एकराची उडी घेऊ नये. एक गुंठा करून पाहावा. पायवाटा सोडून त्यात बाराशे-चौदाशे कंद बसतात. पहिल्या वर्षी कंदाचा खर्च जड वाटतो, पण तो एकदाच. पुढे आपलेच कंद वाढतात, आणि मागणी असेल तर कंदही विकता येतात.

पण विक्रीच्या आधी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. पहाटे चारला उठून रोज तोडणी करणारे हात घरात आहेत का? सकाळी आठच्या आत फुले हारवाल्याकडे किंवा एस.टी.त पोचतील का? आणि आपल्या तालुक्याच्या गावी ही फुले खपतात का? पुण्याचा मार्केट यार्ड आणि मुंबईचा दादरचा फुलबाजार मोठा खरा, पण लांबच्या गावाहून दोन किलो फुले तेथे धाडली तर वाहतूकच पैसे खाऊन जाते. आपल्या देवळापुढचा हारवाला, गावातला मांडववाला आणि लग्नसराईतले शेजारी हेच लहान वाफ्याचे खरे गिऱ्हाईक. गणपती, दसरा, दिवाळी आणि लग्नाच्या तिथींना भाव चढतो, पितृपक्षात तो उतरतो. हे धरूनच हिशेब करावा.

फूल एका दिवसाचे असते, हा या धंद्यातला मोठा धोका. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, देवळे बंद झाली, लग्ने थांबली, आणि ऐन हंगामात फुलांना गिऱ्हाईक उरले नाही. कित्येक फूलशेतकऱ्यांनी फुले बांधावर ओतली, काहींनी उभ्या पिकात नांगर घातला. अशी आपत्ती पुन्हा येऊ नये, पण लहान आपत्ती तर दरवर्षी येते. कधी पाऊस लागून राहतो, कधी बाजार पडतो, कधी गाडी चुकते. त्या वेळी फुलाकडे पाहून रागाने पीक मोडू नये. निशिगंधाचे भांडवल जमिनीखाली आहे. पाणी तोडून, कंद काढून, सावलीत ठेवून पुढच्या हंगामाची वाट पाहता येते. झेंडू किंवा शेवंतीच्या उभ्या पिकाला अशी दीड महिन्याची सवड देता येत नाही.

वर्षाचे काम थोडक्यात

फेब्रुवारी : पाणी तोडणे.
मार्च : कंद काढणे, निवडणे, सावलीत पसरणे.
एप्रिल-मे : वाफा तापवणे, शेणखत घालणे, लावणी.
जून-जुलै : निचरा पाहणे, खुरपणी, युरियाचे राहिलेले हप्ते.
ऑगस्ट ते ऑक्टोबर : मुख्य बहर. रोज पहाटे तोडणी.
नोव्हेंबर ते जानेवारी : फुले कमी. वाळलेले दांडे बुडापासून कापणे, पाणी बेताचे देणे.

ज्या घरी निशिगंध फुलायचा थांबला आहे, त्यांनी या मार्चमध्ये एवढेच करावे. एक ठोंब खणून काढावे आणि ओट्यावर ठेवून घरातल्या मुलांसमोर सोडवावे. फुलून गेलेले, फुलणारे आणि लहान असे तीन ढीग करावेत. मोजून पाहिले तर एकाच ठोंबातून एक नवी ओळ लावण्याइतके कंद निघाले तर नवल नाही. ते गेली दोन वर्षे एकमेकांच्या खांद्यावर उभे होते. जागा मिळाली की फुलतील.